बेचाळीस ताटं

गुरुवार, १८ डिसेंबर, रात्री पावणेबारा

शेजारच्या रिसॉर्टवर अजून स्पीकर चालू आहे. दहानंतर लावायचा नाही हे त्यांनाही माहीत आहे, मलाही, आणि मघाशी फोनवर "हो हो ताई, पाचच मिनिटं" म्हणणाऱ्या मॅनेजरलाही. त्या पाच मिनिटांना आता पाऊण तास होत आला.

कुठल्याशा शहरातल्या क्लासची सहल आहे. तीन बस, सव्वाशे पोरं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी टी-शर्ट. दुपारी देवबागच्या रस्त्यावरून घोळक्याने निघाली तेव्हा समोरून आलेला माशांचा टेम्पो दहा मिनिटं जागचा हलला नाही. कुणी मुद्दाम अडवला नव्हता. पुढचा बाजूला झाला नाही म्हणून मागचा झाला नाही, एवढंच.

आवाजाचं मी एक वेळ सोडून देईन. माझं खरं दुखणं विहीर आहे. मालवणजवळचं आमचं देवबाग म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी या वाळूत खाऱ्या पाण्यावर नुसतं टेकलेलं असतं, दुधावरच्या सायीसारखं. बेताबेताने काढलं तर पुरतं. मोटार लावून एका दमात उपसलं की साय फाटते आणि खालचं वर येतं. आज सव्वाशे पोरं समुद्रातून आली, सव्वाशे पोरांनी अंगाची वाळू काढायला शॉवर सोडले, आणि संध्याकाळचा चहा मी पहिल्या घोटाला ओतून टाकला. मचूळ.

सासूबाई म्हणाल्या, "येतली, नाचतली, जातली. तू कित्याक जीव जाळतस?"

फ्लोरिडातल्या भाचीचा फोन आला होता. हा गोंगाट तिकडे ऐकू गेला तर हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, जुलैत ऑरलँडोला ये, डिस्नेमध्ये हेच बघायला मिळेल. ब्राझीलमध्ये तेव्हा हिवाळ्याची सुट्टी असते. तिथे मुलीचा पंधरावा वाढदिवस मोठा मानतात, आणि कित्येक घरांत मोठी पार्टी देण्याऐवजी मुलीला या सहलीलाच पाठवतात. एका रंगाचे टी-शर्ट, पुढे झेंडा धरलेला गाइड, आणि पाळण्याच्या रांगेत टाळ्या वाजवत गाणी आणि घोषणा. मागेपुढे उभे असलेले लोक कातावतात म्हणे. म्हणजे आमचा देवबाग काही जगावेगळा नाही.

फोन ठेवल्यावर मला आमची गोराईची सहल आठवली. १९९३ साल, आठवी, परळची शाळा. एस्सेल वर्ल्डला जाणाऱ्या लाँचमध्ये आम्ही टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं इतकं बेंबीच्या देठापासून म्हटलं की एका आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यावर आम्ही ते आणखी एकदा म्हटलं. आत गेल्यावर एकीने रांगेत जागा धरायची आणि तिचा नंबर जवळ आला की उरलेल्या अकराजणींनी "आमच्यातलीच आहे ती" करत घुसायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते आजही सांगता येणार नाही. मागे एक बाई रडक्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. ती काहीतरी बोलली. आम्ही खिदळलो. मी एकटी असते तर तिला आधी जाऊ दिलं असतं, अगदी नक्की.

उद्या सकाळी आपल्याकडे उतरणारी सहलीची पोरं येणार. ४२. तांदूळ भिजत घातलेत.

शुक्रवार, १९ डिसेंबर, रात्री साडेदहा

सात वाजता लालपरी दारात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची हायस्कूलची सहल. प्रासंगिक करारावर एसटी घेतली की शाळेला भाडं निम्मं पडतं, म्हणून या दिवसांत मालवणात दर तिसरी गाडी अशीच असते. फोंडा घाटात निम्म्यांना गाडी लागली होती. बसच्या खिडक्यांखाली बाहेरून वाळलेले ओघळ होते, ते आधी नवऱ्याने पाइपने धुतले. त्याच पाण्यात चार पोरांनी तोंडं धुवून घेतली. म्हटलं, आले.

पंधरा मुली, सत्तावीस मुलगे, दोन सर, एक मॅडम. मुली आणि मॅडम खोल्यांत, मुलगे माडीवरच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर. अंघोळीला माणशी एक बादली, हे मी बसच्या पायरीवर उभी राहूनच सांगितलं. विहीर दाखवली आणि साय-दुधाचंही सांगितलं. मुली ऐकत होत्या. मुलग्यांचं लक्ष कोंबडीच्या पिल्लांकडे.

सरांची मोजायची पद्धत अशी की प्रत्येकाला नंबर दिलेला. शिट्टी वाजली की "एक!" "दोन!" असं "बेचाळीस!" पर्यंत. बसमधून उतरताना, नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर. दिवसभरात बारा-पंधरा वेळा तरी. दुपारी वाढताना सासूबाईंनी कडेला बसलेल्या एका बारक्या पोराला विचारलं, "नाव काय रे तुझा?" तो गडबडून म्हणाला, "सदतीस." सगळी पंगत फुटली. तो लाजून वालीची भाजी खात राहिला. खरं नाव त्याने सांगितलं, पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पण लिहायचं ते सकाळचं. नाश्ता झाल्यावर नवरा त्यांना समुद्रावर घेऊन गेला, मीही गेले. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलं की एकदम सगळं समोर उघडतं. यातल्या बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आणि ही बेचाळीस पोरं, जी सात वाजल्यापासून गप्प म्हणून बसली नव्हती, ती गप्प झाली. एका पोरीने मैत्रिणीचा हात धरला. एकाने चप्पल काढून हातात घेतली, देवळात शिरताना काढतात तशी. असा अर्धा मिनिट गेला असेल. मग मागून कुणीतरी कापऱ्या आवाजात ओरडलं, "जय भवानी!" आणि बेचाळीसांनी "जय शिवाजी!" म्हणून सगळा किनारा दणाणून सोडला. तो कापरा आवाज माझ्या डोक्यातून जात नाहीये. भ्यालं होतं ते पोर. काल सव्वाशेंचा आवाज ऐकून माझं डोकं फिरलं होतं, पण त्यातल्या पहिल्याचा आवाज कसा होता हे मला कुठे ऐकू आलं होतं?

(या घोषणेपुढे कुणाचं काही चालत नाही, हेही खरं. पोरं गाणं म्हणत असली तर सर दटावू शकतात. महाराजांच्या नावाला गप्प कोण करणार? पोरांना हे पक्कं ठाऊक असतं.)

नवऱ्याचं शास्त्र वेगळं आहे. तो वीस वर्षं सहली बघतोय. म्हणतो, घोळक्याला सांगून काही होत नाही. पहिला कोण ते दहा मिनिटांत ओळखायचं. घोषणा कुणी सुरू केली, पाण्यात पहिला पाय कुणी टाकला, कुणी हसल्यावर बाकीचे हसतात. तो सापडला की त्याच्या हातात काम द्यायचं. आज पहिला निघाला नऊ नंबर, उंच, मिसरूड फुटलेला. नवऱ्याने त्याच्या गळ्यात आपली शिट्टी अडकवली, हातात दोरीचं टोक दिलं आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. "ह्या दोरीच्या पलीकडे कोण गेला तर जबाबदार तू." नऊ नंबर पुढचा तासभर स्वतः भिजला नाही, पण सख्ख्या मित्रांनाही त्याने दोरीपुढे जाऊ दिलं नाही.

भरती चढत होती तेवढा वेळच पाणी, मग बाहेर. आज अमावस्या. दुपारी भरती, संध्याकाळी ओहोटी, आणि अमावस्येच्या ओहोटीला ओढ जबर असते. वरून पाणी शांत दिसतं. जिथे लाटा फुटताना दिसत नाहीत तिथेच पाणी आत खेचत असतं, आणि नवखा माणूस नेमका तीच जागा सोपी म्हणून निवडतो. मॅडम म्हणाल्या, मुलं म्हणतायत संध्याकाळी परत एकदा. नवरा नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्याने वायरीचं सांगितलं. इथून जवळच आहे ते. २०१७च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची आठ जणं तिथे बुडाली. त्याच्या आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला मुरुडला पुण्याच्या कॉलेजची चौदा. पुढे त्याने काही सांगितलं नाही, मॅडमनीही विचारलं नाही. मी मात्र दिवसभर विचार करत होते की चौदा जण एकदम पाण्यात जायचं ठरवतात का? एक जण जातो. दुसरा जातो कारण पहिला गेला. टेम्पोपुढून बाजूला न होणारे, रांगेत घुसणाऱ्या आम्ही अकराजणी, आणि ते. चाल तीच.

अडीचला किल्ल्यावर. बोटीत लाइफ जॅकेट घालताना पुन्हा घोषणा. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ची, हे सरांनी विचारलं तर तीन मुलींनी एकदम सांगितलं. चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा बघताना ढकलाढकली, शिवराजेश्वराच्या देवळात सरांनी तोंडावर बोट ठेवलं तरी गाभाऱ्यात आरोळी. पण साखरबावीपाशी एका मुलीने विचारलं, चहूकडे खारं पाणी असताना ही विहीर गोडी कशी? गाइडने काही सांगायच्या आत दुसरी म्हणाली, "अगं, काकूंनी सकाळी सांगितलं की. साय." माझा दिवस तिथेच सार्थकी लागला.

रात्री कॅरम, भेंड्या, भुताच्या गोष्टी. दहाला दिवे बंद. साडेदहा झालेत आणि माडीवर अजून खुसखुस चालू आहे. सासूबाई म्हणतात, "आरडतत तवसर भिया नाय. गप झाली काय बघूक जा."

शनिवार, २० डिसेंबर, दुपारी

हात अजून थोडा थरथरतोय, पण लिहून टाकते.

सकाळी साडेसातला घावणे. दोन बिड्याचे तवे, मी एकीकडे, शेजारची वहिनी दुसरीकडे. साडेआठला बस कुणकेश्वरला आणि तिथून विजयदुर्गला निघायची होती. अंगणात सरांची शिट्टी झाली, मोजणी सुरू झाली, "बेचाळीस!" ऐकू आलं. सर म्हणाले, चला, बॅगा घ्या.

मी ताटल्या सात-सातच्या सहा थप्प्या लावून ठेवते, म्हणजे हिशोब राहतो. न्हाणीपाशी खरकट्या ताटल्या विसळायला बसले आणि ओट्यावर बघते तर एक ताटली कोरडी. चटणीचा डागसुद्धा नाही. विसळून झालेल्या मोजल्या, एकेचाळीस.

सरांना म्हटलं, एक पोर खायला आलेलं नाही. ते म्हणाले, ताई, आत्ताच मोजली, बेचाळीस. म्हटलं, आवाज बेचाळीस असतील, डोकी मोजा. त्यांना राग आला असावा. पण मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली. अंगणात असा सन्नाटा पडला की सासूबाई घरातून बाहेर आल्या.

अडतीस नंबर मान खाली घालून उभा होता. सदतीसचा "सदतीस" त्यानेच म्हटला होता, आवाज बदलून. सकाळी, आणि त्याच्या आधी पहाटेही. "तो येतो म्हणाला होता," एवढंच बोलला. मित्राला मार पडू नये म्हणून. वर्गातल्या हजेरीला चालतं तसंच त्यांनी इथेही चालवलं होतं, आणि आजूबाजूच्या पाच-सहा जणांना ते कळलेलं होतं. एकही बोलला नव्हता.

नवरा आधीच धावत सुटला होता. आम्ही मागून. सरांच्या पायातली एक चप्पल वाळूत राहिली ती त्यांना कळलीसुद्धा नाही. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते.

तीनेकशे पावलांवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती. जाळं वाळूवर पसरलेलं, तीस-पस्तीस माणसं भोवती, आणि त्यात उकिडवा बसून आमचा सदतीस जाळ्यातून पेडवे सोडवत होता. हात कोपरापर्यंत खवल्यांनी चकाकत होते. एक म्हातारे काका त्याला दाखवत होते, मासा कल्ल्यांकडून धरून मागे कसा काढायचा, म्हणजे जाळंही फाटत नाही आणि बोटंही कापत नाहीत. पहाटे सहाला माडीच्या खिडकीतून त्याला माणसं दोर ओढताना दिसली होती. तो खाली आला आणि दोराला लागला. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही.

सरांचा हात वर गेला. मग तसेच ते वाळूत बसले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरगं त्यांच्यासमोर उभं राहिलं, हातातली पिशवी कुठे ठेवायची ते न कळून.

पिशवीत नऊ पेडवे होते. काका म्हणाले, "ह्या पोरान रापण वडल्यान. वाटो नको?"

बस साडेनऊला निघाली. या वेळी सर आत चढून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत गेले, तोंडाने काही न बोलता. नऊ नंबरला त्यांनी मागच्या दारापाशी बसवलं. खिडकीतून घोषणा झाल्या, पण वळणापर्यंतच.

पेडवे बसमध्ये नेता येईनात म्हणून तो सासूबाईंच्या हातात देऊन गेला. दुपारी त्यांनी ते तळले. नारिंगी टी-शर्टवालेही गेले, पण विहीर अजून ताळ्यावर आलेली नाही. आजच्या सोलकढीत मी मीठ घातलंच नाही.