मल बेटावर पाणमांजराचा फोटो काढताना

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या मल बेटावर पाणमांजर टिपायचं म्हटलं की लोक आधी लेन्सची चौकशी करतात. मी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. पूर्ण ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास मला सर्वांत फळतात, कारण केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या रानावरचं पाणी तेव्हा उथळ झालेलं असतं आणि तळाशी लपलेले मासे-खेकडे हाती लागायला जनावराला खोल बुडी मारावी लागत नाही.

मुख्य भूमीवरच्या ओबनहून बेटावरच्या क्रेगन्यूरला फेरीने पाऊण-एक तास, तिथून गाडीने लॉख ना कील या समुद्री खाडीचा दक्षिण काठ. रस्ता काठाला लागून जातो आणि सूर्य बहुतेक वेळ पाठीशी राहतो. रस्ता एकपदरी आहे. पासिंग प्लेस समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असतात, तिथे गाडी लावून फोटो काढत बसलात तर स्थानिकांच्या शिव्या खाल, आणि त्या रास्तच असतील.

गोड्या पाण्याचा ओढा समुद्राला मिळतो अशा जागा दुर्बिणीने चाळायच्या. मिठाने केस चिकटले की ते ऊब धरत नाहीत, म्हणून पाणमांजराला अंग धुवायला ओढा लागतोच. लांबून सील आणि पाणमांजर यांत गल्लत होते. सील बहुधा जागच्या जागी खाली जातो, पाणमांजर पुढे झेपावतं आणि शेवटी शेपटीचं टोक पाण्याबाहेर उभं राहतं.

ती शेपटी दिसेनाशी झाली की चालायचं. बुडी साधारण वीस-तीस सेकंदांची असते. मी मनात पंधरा मोजतो आणि आहे तिथे खाली बसून दगड होतो. मधल्या वेळात धावायचा मोह आवरावा, बुळबुळीत शेवाळावर कॅमेऱ्यासकट आपटायला एक पाऊल पुरतं. पाणमांजराची नजर बेताची, पण नाक तिखट. त्यामुळे वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा. इथे नैर्ऋत्येचा वारा नेहमीचा, म्हणून मी त्याच्या पूर्वेला राहतो. पाठीमागे मोकळं आकाश येऊ द्यायचं नाही, खडक हवा. सळसळणारं जॅकेट गाडीतच.

बारीक मासा ते तरंगतच खातं. मोठा मासा किंवा खेकडा असला तर काठावर आणतं. मोठं भक्ष्य तोंडात दिसलं, की ते कुठल्या खडकाकडे येतंय याचा अंदाज घेऊन आडवं पडायचं. लेन्स ५०० ते ६०० मिमी, खाली टेकू म्हणून बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली पिशवी. ट्रायपॉड उघडेपर्यंत जेवण संपतं. शटर १/१०००, छिद्र एफ ६.३, आयएसओ आपोआप, शटरचा आवाज बंद. ओलं काळपट अंग आणि उजळ पाणी यांत कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर फसतो, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून एक्स्पोजरची भरपाई द्यावी. फोकस पुढच्या शेवाळावर अडकतो, त्यामुळे एकच बिंदू डोळ्यावर.

खाणं सोडून ते सारखं मान वर करू लागलं, किंवा आईसोबत पिल्लं असली, की मी थांबतो. पाणमांजराला मुद्दाम त्रास देणं हा तिथे गुन्हा आहे.

लेन्सवर उडालेलं खारं पाणी कोरड्या कापडाने पुसू नये, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी हवा फुंकणारा ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड, शेवटी कोरडं.