तुम्ही विचारलंत म्हणून: जंगलाचा पैसा सूत्राने यावा की प्रस्तावाने?

गोव्याची साठ टक्के जमीन झाडांखाली आहे, मग वन खात्याला दिल्लीकडे प्रस्ताव का पाठवावे लागतात, सूत्राने पैसे का मिळत नाहीत, असं नेहमी विचारलं जातं.

सूत्राने मिळतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्रीय करांच्या वाटपात जंगलाला १० टक्के भार दिला. मात्र मोजला देशाच्या एकूण दाट जंगलातला राज्याचा वाटा. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा तो वाटा चिमूटभर. चाळीस टक्क्यांहून कमी छत्राची (फांद्यापानांनी वरून झाकलेल्या जमिनीची) विरळ झाडी तर त्यात धरलीच नाही. वर हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. रस्त्यावर खर्चला तरी नियम मोडत नाही. जंगलापायी आलेला रुपया जंगलात पोचेलच असं नाही, आणि मला सर्वांत जास्त हेच खटकतं.

जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घेणाऱ्यांनी भरलेल्या भरपाई वनीकरण निधीचे ९० टक्के राज्याकडेच येतात, पण तिथे जितकं जंगल असं वळवलं जाईल तितका निधी मोठा!

प्रस्तावाच्या पैशात घात होतो तो वेळेचा. केंद्र पुरस्कृत योजनांत साधारण ६०:४० वाटा असतो. केंद्राचा पैसा हप्त्याने येतो, आणि आधीच्या हप्त्यातला ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा सुटत नाही. पाऊस मात्र जूनमध्येच येतो. ३ बाय ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ खड्डे होतात. जांभ्यात ते मेपर्यंत खणून झाले पाहिजेत, रोपं त्याच्या कितीतरी आधी रोपवाटिकेत वाढायला हवीत. मंजुरी ऑगस्टमध्ये आली की खड्डे उथळ पडतात, मुळं जांभ्यावर अडतात, आणि फेब्रुवारीपर्यंत रोप सुकतं. लागवडीचा आकडा तोवर कागदावर पूर्ण झालेला असतो. जाळरेषांचंही, म्हणजे वणवा अडवायला झाडोरा काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचंही, तेच. त्या जानेवारीअखेर साफ हव्यात. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले तसे पेटल्यावर मंजुरीचा काय उपयोग?

म्हणून जाळरेषा, आगराखणदारांची मजुरी, तीन वर्षांची बेणणी हे दरवर्षीचं काम हेक्टरी सूत्राने आणि फक्त अंदाजपत्रकातल्या वन खात्याच्या शीर्षाखाली यावं. खाजनांच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारजमिनींच्या) बांधांलगत तिवर लावण्यासारखं नवं काम खुशाल स्पर्धेला ठेवा. सूत्रात आगीचा भार धरताना मात्र लागलेल्या आगी मोजू नयेत, नाहीतर जिथे राखण ढिली तिथेच जास्त पैसा जाईल. सुकं गवत, उतार, काजूबागांना लागून असलेली हद्द आणि रस्त्याची लांबी मोजावी.