स्क्रीनवरचे आठ इंच

मेटल डिटेक्टर घेऊन फिरायला इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित पुरातत्त्वस्थळांवर मशीन न्यायचंच नसतं. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने गहू कापून झाल्यावर पेरणीपर्यंत फिरायला लेखी परवानगी दिली. मशीन, हेडफोन, खुरपं, सगळं बिनबोभाट जमलं. घोडं अडलं ते स्क्रीनवरच्या खोलीच्या आकड्यापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

माझ्या मशीनच्या स्क्रीनवर कडेला पट्ट्या आहेत: 2, 4, 6, 8 इंच. आवाज स्वच्छ आला आणि पट्टी 8 वर गेली, म्हणून मी वीतभर खणलं. काही नाही. आणखी खणलं. तरी नाही. खड्ड्यावरून कॉइल (मशीनच्या टोकाची गोल चकती) फिरवली तर मशीन गप्प. मग बाजूला काढलेला ढीग चिवडत बसले, तर जमिनीच्या वरच्याच थरातल्या ढेकळाला करंगळीच्या नखाएवढा शिशाचा तुकडा चिकटलेला. म्हणजे जेमतेम दोन इंचांवर होता तो! त्याच दिवशी बांधाजवळ नेमकं उलटं झालं. पट्टी 4 वर. चार इंच खणलं, सहा खणलं, आवाज अजून खालूनच. शेवटी नांगराचा भुसभुशीत थर संपून घट्ट पिवळी माती लागली, तिथे मी हात थांबवला. इंग्लंड-वेल्समधल्या डिटेक्टरवाल्यांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात शक्यतो नांगरलेल्याच जमिनीवर आणि नांगरटीच्या खोलीतच काम करा असं सांगितलेलं आहे, कारण त्याखाली न हललेले जुने थर असू शकतात. म्हणजे खोली कळणं ही नुसती सोयीची गोष्ट नाही. आणि तीच सांगायला हे मशीन तयार नाही.

माहितीपुस्तिकेत यावर एक ओळ, तीही बारीक टायपात: ‘नाण्याच्या आकाराच्या वस्तूंसाठी अंदाजे.’ विक्रेत्याला मेल केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, ‘जमिनीवर अवलंबून असतं.’ एवढंच. पाऊस कधी पडेल विचारलं तर आभाळावर अवलंबून, तसलं उत्तर.

खरी गोष्ट अशी की मशीन खोली मोजतच नाही. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, आणि त्यांचा परतीचा सिग्नल मशीन ऐकतं. तो सिग्नल किती जोरकस, एवढंच त्याला कळतं. पाव डॉलरच्या नाण्याएवढी, साधारण 24 मिलिमीटरची वस्तू आडवी पडली आहे असं ते गृहीत धरतं आणि जोरावरून आकडा ठोकून देतं. वस्तू बारीक असेल किंवा नाणं उभं रुतलेलं असेल, तर सिग्नल क्षीण येतो आणि मशीनला ती खोल वाटते. मोठं भांडं खोल असलं तरी सिग्नल दणकट, म्हणून ते वर वाटतं. त्यात अंतर दुप्पट झालं की छोट्या वस्तूचा सिग्नल ढोबळमानाने 64 पट कमी होतो, त्यामुळे शेवटच्या पट्टीवर तर फार विसंबूच नका. धातू कोणता असेल याचा आकडा वेगळा असतो. तो सिग्नल किती रेंगाळत परत येतो त्यावरून निघतो. सुरुवातीला हे दोन आकडे एकत्र करून डोकं पिकवू नये.

हे मला पटलं ते परसात प्लॅस्टिकच्या टेबलावर. (घरात वायरिंगमुळे मशीन उगाच बडबडतं.) 1992 च्या आधीचं दोन पेन्सचं नाणं घ्या. ते ब्राँझचं असतं. नंतरची बहुतेक पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली आहेत, लोहचुंबकाला चिकटतात. नाणं मोजपट्टीने कॉइलपासून पाच इंचांवर धरलं तर पट्टी 4 आणि 6 च्या मध्ये नाचत होती, म्हणजे ठीकच. चॉकलेटच्या चांदीचा कपटा तीन इंचांवर धरला तर 8! चेपलेला कोल्ड्रिंकचा कॅन फूटभर लांब, तर 4. विक्रेत्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी कंबर वाचली असती.

सांगलीहून मामांचा फोन आला, "अगं, ते यंत्र घेऊन इकडं ये, जुन्या वाड्यात बघू." मामांना म्हटलं, तिकडे 1878 चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मामा म्हणाले, "मग राहू दे."

आणखी एक, जे आधीच लिहायला हवं होतं: आकडा कॉइलपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नाही. कापलेल्या गव्हाची धसकटं कॉइलला सहज चार इंच वर उचलून धरतात. माझ्या त्या शिशाच्या तुकड्याचे आठ इंच असे भरले होते: दोन इंच माती, चार इंच धसकटं, उरलेले तुकड्याच्या बारीकपणाचे. धसकटं पायाने दाबून, कॉइल जमिनीलगत ठेवून आकडा पुन्हा बघा.

मोठी वस्तू ओळखायची तर कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज लगेच मरतो. बांधाजवळचा तो आवाज गुडघ्यापर्यंत उचलली तरी येतच होता, शिवाय हातभर रुंद. ते काहीतरी थोराड आहे एवढं कळलं आणि मी खड्डा बुजवून टाकला.

वस्तूची नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंटचं बटण थेट वस्तूवर धरून दाबू नका. तिथे दाबलं की बरीच मशीनं त्या सिग्नललाच शून्य धरतात आणि आकडा आणखी खोल दिसतो. वीतभर बाजूला, रिकाम्या मातीवर दाबायचं आणि मग सरकत वस्तूवर यायचं. पुस्तिकेत हेही आहे म्हणे, पान 31 वर, बॅटरी कशी बदलावी त्याच्या खाली.