अकरावी कुठून आणायची

आमच्या जुन्या कॉलेजची स्मरणिका निघतेय, त्यासाठी मला एक पान लिहून मागितलं. विषय काय, तर मुलींच्या हॉकी टीमचा इतिहास. मलाच का, तर माझी आत्या त्या टीममध्ये होती हे कुणाला तरी आठवलं. म्हटलं ठीक आहे, खेळाचं जुनं रजिस्टर द्या, बघून लिहिते. तर कळलं की मुलींचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. शेजारच्याच कपाटातलं मुलांचं मात्र शाबूत आहे. वाळवीलाही आवडनिवड असते बहुतेक. (कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, उगाच वाद नको.)

मग गेले आत्याकडे. ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, दौलतगंजच्या आत, सत्तरीला टेकलीय, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. मी वही काढून बसले, म्हटलं आत्या, टीमचा इतिहास सांग. तर ती म्हणे, "इतिहास कसला गं, आमचा सगळा वेळ अकरावी मुलगी शोधण्यात गेला."

आणि खरंच, दोन तास ती बोलली त्यात गोल-बिल फार कमी होते, अकरावीच जास्त.

सुरुवात १९७५ ची. त्या वर्षी १५ मार्चला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ नं हरवून वर्ल्ड कप जिंकलो आणि जिंकून देणारा गोल कुणाचा, तर अशोक कुमारचा, म्हणजे ध्यानचंदांचा मुलगा, म्हणजे आमच्या हॉकीवाल्या रूपसिंगांचा पुतण्या. ध्यानचंदांची झाशी इथून जेमतेम शंभर किलोमीटर, आणि रूपसिंग तर ग्वाल्हेरातच राहायचे, तेव्हा हयात होते, त्यामुळे गावाला वाटलं की कप आपल्याच घरात आला. त्याच उत्साहात जुलैमध्ये कॉलेजनं नोटीस लावली की ज्या मुलींना हॉकी खेळायचीय त्यांनी नाव द्यावं. आठ नावं आली. त्यातल्या दोघींना वाटलं होतं की खेळलं की हजेरी माफ होते.

आठाच्या अकरा कशा झाल्या ते ऐका. दोघी खो-खोतून पळवल्या, कारण वाकून पळायची सवय त्यांना आधीच होती, आणि आत्याच्या मते हॉकीत निम्मं काम तेच, कंबर दुखेपर्यंत खाली राहायचं. गोलकीपर काही केल्या मिळेना. चेंडू म्हणजे दगड, आणि हेल्मेट वगैरे भानगड नव्हतीच, क्रिकेटचे कापूस भरलेले पॅड मुलांकडून मागून आणायचे, ते पावसात भिजले की इतके जड व्हायचे की पाय उचलेना. शेवटी बॉटनीच्या वर्गातली एक दांडगी मुलगी तयार झाली, पण अट अशी की प्रॅक्टिकलचं जर्नल आत्यानं लिहून द्यायचं, चित्रांसकट. आत्या बी.ए. ची, बॉटनीशी काडीचा संबंध नाही, तरी तिनं दोन वर्षं जास्वंदीचे उभे छेद काढले. आजही काढते म्हणे, विचारलं तर.

एक मुलगी डावखुरी होती. आता हॉकीत गंमत अशी की स्टिकची सपाट बाजू एकच, त्याच बाजूनं मारायचं, आणि डाव्या हाताची स्टिक नियमातच नाही. बिचारी पहिला महिनाभर रडली. पण हळूहळू तिचा रिव्हर्स असा बसला, म्हणजे मनगट वळवून स्टिकचं टोक खाली करून डावीकडचा चेंडू ओढायचा ना, तो, की आत्या अजून हात वळवून दाखवते आणि दाखवताना तोंडानं "टक्" असा आवाज काढते.

स्टिक तुतीच्या लाकडाची, मूठ वेताची, जालंधरहून येणारी. कॉलेजनं सहा दिल्या, बाकी ज्यानं त्यानं बघून घ्या. मॅच संपली की जवसाचं तेल चोळून भिंतीला उभी करायची, फाटली की सुतळी गुंडाळायची, आणि मुठीला सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी. आत्याची स्टिक आहे अजून. मी हातात घेतली तर रबर चिकट झालेलं, बोटांना काळं लागलं, आणि वास अगदी पंक्चरच्या दुकानाचा.

मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलला. घरी आजोबांची अट एकच, दिवेलागणीच्या आत सायकल अंगणात दिसली पाहिजे. म्हणून प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला, सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून. स्कर्ट फक्त मॅचच्या दिवशी, आणि त्याबद्दल घरी काही बोलायचं नाही. आजी गुडघ्याला हळद लावायची, एकदाही विचारलं नाही कुठे पडलीस. आत्या म्हणाली, "तिला सगळं माहीत होतं गं, तिनं न विचारल्यामुळेच तर मी खेळले." हे मी वहीत लिहिलं नाही, पण आता इथे लिहून टाकते.

मॅच तेव्हा बुलीनं सुरू व्हायची. दोघी समोरासमोर, मध्ये चेंडू, आधी स्टिक जमिनीला टेकवायची, मग समोरचीच्या स्टिकला, असं तीनदा, आणि तिसऱ्यांदा झालं की जिची झेप आधी तिचा चेंडू. आत्या सेंटर फॉरवर्ड, त्यामुळे बुली तिची. तिचं म्हणणं, तिसऱ्या ठोक्याला समोरचीच्या डोळ्यात बघायचं, चेंडूकडे नाही. पुढे १९८१ च्या सुमाराला ते गेलं, आता साधा पास देऊन सुरू करतात. आत्याला हे अजून पटलेलं नाही.

जिंकल्या का? एका वर्षी इंटर-कॉलेज जिंकल्या, जीवाजी विद्यापीठाच्या टीममध्ये चौघींची निवड झाली, रेल्वेनं दुसऱ्या गावाला गेल्या, पहिल्याच मॅचला हरल्या, परत येताना मुरैन्याची गजक घेतली. आत्यानं हे एवढ्यातच गुंडाळलं. मी खोदून विचारलं, किती गोलनं हरलात? तर म्हणे, "गजक चांगली होती."

मला जो खरा इतिहास सापडला तो वेगळाच आहे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. दर जुलैला कॉलेज उघडलं की बघावं तर निम्मी टीम गायब. एक भुसावळला, एक जबलपूरला, एक इथेच पण सासरी परवानगी नाही. मग परत नोटीस, परत आठ नावं, परत खो-खोवाल्यांना फोडा. मुलांच्या टीमला सीनियर असायचे, ते नव्यांना शिकवायचे, जुन्या मॅचचे किस्से सांगायचे, फोटो भिंतीला लावायचे. इथे सांगायला मागे कुणी उरायचीच नाही. दर वर्षी टीम पहिल्यापासून. तेव्हा वाळवीला तरी किती दोष द्यायचा, रजिस्टरमध्ये असून असून काय असणार होतं, नावं, आणि ती सुद्धा माहेरची.

आत्याचं लग्न १९७९ ला झालं. पुढच्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली. काही देशांच्या बहिष्कारामुळे बऱ्याच टीम गळाल्या, उरल्या सहा, आपल्या मुली रूपा सैनीच्या कॅप्टनशिपखाली चौथ्या आल्या. आणि गोल्ड कुणी नेलं, तर झिंबाब्वेनं! त्यांना ऐनवेळी बोलावलेलं, घाईघाईनं टीम जमवून पाठवली होती. आपली त्यांच्याशी मॅच १-१ बरोबरीत सुटलेली. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की ठसका लागला. "म्हणजे त्यांनीही अकरावी शोधलीच असणार," म्हणे.

१९८२ च्या दिल्ली एशियाडचंही असंच. फायनलला पाकिस्ताननं आपल्या पुरुषांना ७-१ नं धुतलं, ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे, काकांना तर तारखेसकट. त्याच एशियाडमध्ये आपल्या बायकांनी हॉकीचं गोल्ड जिंकलं, कॅप्टन एलायझा नेल्सन, आणि राजबीर कौरनं गोलांचा पाऊस पाडला. घरात दहा जणांना विचारलं. एकालाही आठवेना. तसं बघा, रूपसिंगांनी १९३२ ला लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध एकट्यानं १० गोल केले होते, आपण २४-१ नं जिंकलो होतो, त्यांच्या नावाचं स्टेडियम इथे आहे, आधी ते हॉकीचंच होतं, आणि लोकांना त्याचं नाव माहीत आहे ते सचिनच्या २०० मुळे. तिथे आत्याच्या टीमची काय कथा.

तर मागच्या रविवारी मी आत्याला रिक्षात घालून इथल्याच कंपू भागात घेऊन गेले. मध्य प्रदेशची महिला हॉकी अकादमी २००६ पासून आपल्या ग्वाल्हेरलाच आहे हे तिला ऐकून माहीत होतं, पाहिली नव्हती. मुलींची प्रॅक्टिस मॅच होती. सुरू व्हायच्या आधी टर्फवर फवारे सोडले तर ही उभीच राहिली. "पाणी का घालतायत? आमच्याकडे पाऊस पडला की मॅच रद्द व्हायची." म्हटलं ओल्या टर्फवर चेंडू नीट सरकतो, पडलं तर चामडीही कमी सोलते. ती गप्प बसून बघत राहिली. गोलकीपरचे ते फोमचे मोठे पॅड, हेल्मेट, सगळं बघितलं, म्हणाली हिला जर्नल लिहून द्यावं लागत नसेल.

मग बोटानं मोजायला लागली. मैदानावरच्या मोजल्या, अकरा. समोरच्या अकरा. मग बाकाकडे बोट गेलं आणि तिथे थांबलं.

"त्या का बसल्यात? लागलंय का त्यांना?"

म्हटलं नाही गं, त्या बदली. आलटून पालटून आत जातात.

तिनं परत मोजल्या, एका बाकावर सात, दुसऱ्यावर सात.

"चौदा जास्तीच्या?" म्हणाली. रिक्षात बसेपर्यंत तेच चाललं होतं, चौदा जास्तीच्या.