जिन्यावरचा सोळा फुटी स्लॅब

साताऱ्यातल्या एका जुन्या बंगल्याचं रंगकाम आमच्याकडे होतं. खोल्या झाल्या, हॉल झाला, शेवटी जिना उरला. घरातली सगळ्यात अवघड जागा हीच. अर्ध्या जिन्यावरच्या चौकात उभं राहून वर पाहिलं, तर स्लॅब जवळजवळ सोळा फुटांवर. पाणी मुरून तिथली लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेली. नुसता रंग चढवायचा असता तर रोलरला लांब दांडा लावून खालूनच भागलं असतं. पण खरवडायचं, लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे ठेवून वर उभं राहणं आलंच.

घरमालक काकांनी माळ्यावरून एक फळी काढून दिली. "मागच्या पेंटरनं पायरीवर शिडी लावली, चौकात फळी टेकवायचा घोडा ठेवला आणि मध्ये हीच फळी टाकली. पटकन उरकलं होतं, दादा."

माझ्या कामावरची पोरंही तयार झाली. मी नको म्हणालो. सोळा फूट चढणारी शिडी भिंतीपासून चार फूट लांब रोवावी लागते. चाराला एक, असा तिचा हिशेब. इथे जिनाच साडेतीन फूट रुंद. बाजूच्या भिंतीला लावली तर शिडी उभट बसते, शिवाय तिचे दोन पाय दोन वेगळ्या पायऱ्यांवर येतात. मग खालच्या पायाखाली विटा रचायच्या. विटांवरच्या शिडीवर मी कुणालाही चढू देत नाही, मग तो कितीही जुना कारागीर असो.

फळीबद्दल काकांची खात्री होती. दिसायलाही ती दणकट, दीड इंच जाडीची, पण वरपासून खालपर्यंत ऑइलपेंट मारलेली. रंगवलेल्या फळीवर माझा विश्वास नाही. रंगाखाली लाकडाची गाठही झाकते आणि चीरही. हॉलमध्ये दोन टोकांना दोन-दोन विटा ठेवून फळी आडवी टाकली आणि मध्यावर पुट्टीची 40 किलोची पोती चढवायला सांगितली. एक माणूस आणि बादली मिळून 80-90 किलो होतात, म्हणून मी चार पोती ठेवून बघतो. दोन पोत्यांना फळी थोडी वाकली. तिसरं ठेवलं आणि ती कडकन मोडली. मोडलेल्या जागी मोठी गाठ होती, तिच्या कडेनं आडवी चीर गेलेली, आणि चिरेत जुना रंग उतरलेला. म्हणजे मागच्या वेळी त्या पेंटरच्या पायाखाली ती चीर होतीच. काका मटकन सोफ्यावर बसले. म्हणाले, "तुम्हाला जे मागवायचं ते मागवा."

भाड्यानं अरुंद एच फ्रेम, म्हणजे परांचीच्या लोखंडी चौकटी, आणल्या. जिन्यावर परांची उभी करायची खरी मजा मापात आहे. आमची पायरी सात इंचांची. चौकापासून पाच पायऱ्या खाली म्हणजे 35 इंच. चौकात सहा फुटी फ्रेमवर तीन फुटी फ्रेम बसवली. पाचव्या पायरीवर तशाच जोडीखाली आणखी एक तीन फुटी, म्हणजे 36 इंच. उरलेला एक इंच चौकातल्या फ्रेमखालचे स्क्रूचे जॅक फिरवून उचलला. पाण्याची पातळी लावली, बुडबुडा मधोमध आला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तिरप्या पट्ट्या, दोन्ही भिंतींना गोणपाट गुंडाळलेले टेकू, वर लोखंडी फळ्या, कमरेएवढा कठडा, आणि हत्यार घरंगळू नये म्हणून कडेला सहा इंचांची पट्टी. सगळी सकाळ यातच गेली. या सकाळचे पैसे मी अंदाजपत्रकात वेगळे लावतो आणि त्यावर घासाघीस ऐकत नाही.

वर सात फूट मोकळे मिळाले. माझा लांबीवाला ताठ उभा राहून, मान न ताणता काम करत होता. जिन्यातला स्लॅब इतका सपाट मी क्वचितच पाहिलाय.

परांची उतरवण्याआधी काकांना एक सांगितलं. स्लॅबच्या मधोमध त्यांचा दिवा होता, आणि दर वेळी बल्ब गेला की ते स्वतः शिडी लावत. वय सत्तरीच्या पुढे. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो पॉइंट बंद केला आणि वरच्या मजल्याच्या भिंतीवर नवा काढला, जमिनीवर उभं राहून हात पोचेल असा.