जनगणनेत पणजोबा नाही, गाव सापडतं

‘१८८१च्या जनगणनेनुसार आमचं घराणं अमुक गावी होतं’ असं वाक्य कुलवृत्तान्तांत सर्रास दिसतं. कोकणातल्या कुठल्याही घराण्याबद्दल ते जनगणनेवरून सिद्ध करता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या गणनेचे घरोघरचे तक्ते नावांसकट बघायला मिळतात, आपल्याकडे ती सोय नाही. १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ नोंदपत्रकं पाहू देत नाही, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही ती चालत नाहीत. आपल्या हाती येतात ते छापील तक्ते, आणि ते बोलतात गावाबद्दल. तेव्हा तळटीप द्यायची ती गावाच्या विधानाला: इतकी घरं, इतकी माणसं, इतके साक्षर.

कोकणासाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे १९५१ची जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्यात गाववार घरं, लोकसंख्या, साक्षर आणि उपजीविकेचे आठ वर्ग आहेत. पहिले चार शेतीचे, पुढचे चार बिगरशेतीचे. खोती (गावाचा सारा खोताने गोळा करण्याची पद्धत) १९४९च्या कायद्याने गेली, त्या सुमाराचं गावाचं हे चित्र आहे. टीप अशी लिहा: ‘भारताची जनगणना १९५१, जिल्हा जनगणना पुस्तिका, रत्नागिरी, तालुका, गावाचं नाव छापलंय तसंच, तक्ता, छापील पृष्ठ, कुठली प्रत पाहिली आणि कधी.’ जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिका स्कॅन केलेल्या मिळतात. तिथे हमखास होणारी चूक पानाच्या आकड्याची. पीडीएफचं १४०वं पान आणि छापील १४०वं पान एक नसतं, कारण प्रस्तावना, नकाशे मध्ये येतात. छापील आकडा द्या. पीडीएफचा द्यायचाच असेल तर तसं स्पष्ट लिहा.

गावाच्या नावात घोळ जास्त. जनगणनेचं ‘गाव’ म्हणजे महसुली गाव. आपली वाडी, मग ती कितीही मोठी असो, तक्त्यात सहसा स्वतंत्र येत नाही. आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द ही संगमेश्वर तालुक्यातली दोन वेगळी गावं. नुसतं ‘आंबेड’ लिहिलं तर टीप निकामी. कळंबस्ते चिपळुणातही आहे, संगमेश्वरातही. रोमन लिपीतली स्पेलिंगं प्रत्येक दशकात बदलतात, म्हणून छापलेलं रोमन रूप जसंच्या तसं द्या आणि पुढे आजचं नाव देवनागरीत कंसात. २०११च्या गणनेत गावाला सहा आकडी कोड आहे. तो एकदा टिपेत घातला की नावाचा वाद मिटतो.

जिल्हाही नीट तपासा. कुडाळ, सावंतवाडीचं घराणं असेल तर १९४१ आणि त्याआधीचे आकडे सावंतवाडी संस्थानाखाली शोधायचे, रत्नागिरीत नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ले मात्र तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला, गणना त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली होती. त्या वर्षाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर जे नाव असेल तेच लिहा.

आकड्यांचा अर्थ लावताना चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेली कोकणी माणसं, विसरू नका. १९३१पर्यंत गणना एका रात्रीची असे आणि माणूस त्या रात्री जिथे सापडला तिथला धरला जाई. १८८१ साली ती रात्र १७ फेब्रुवारीची होती, १९३१ साली २६ फेब्रुवारीची. परळच्या गिरणीत काम करणारा गुहागरचा माणूस मुंबईच्या आकड्यात गेला. गावात पुरुष कमी दिसले की साथीत मेले, असा निष्कर्ष काढू नये. २०११ सालीही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमानी शिमग्याला गावी येतात, म्हणून शिमगा त्या रात्रीच्या आसपास होता का, हे त्या सालच्या पंचांगात पाहिलं तर आणखी उलगडा होतो. घरांच्या संख्येचंही तसंच: ‘घर’ कशाला म्हणायचं याची व्याख्या गणनेगणिक बदलली. १८८१ची घरं आणि १९५१ची घरं एकाच आलेखात मांडू नका.

जातनिहाय सविस्तर तक्ते शेवटचे १९३१चे. त्यानंतरच्या पुस्तिकांत अनुसूचित जाती-जमातींचे आकडे तेवढे मिळतात. १९३१च्या जातीच्या तक्त्यावरून एका घराण्याची जात सांगणं मात्र चूकच.

नावं हवीत तर फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, गाव नमुना ६), जन्म-मृत्यूचा नमुना १४, शाळेचं जनरल रजिस्टर आणि खोतीच्या गावी बोटखत (तिथल्या जमिनी आणि कुळांची नोंदवही), हे कागद बघावेत. प्रत्येकाची टीप वेगळी द्या. जनगणनेच्या टिपेत गुंडाळू नका. फेरफाराला नोंदीचा क्रमांक आणि तारीख लागते, मोडीतला असेल तर लिप्यंतर कोणी केलं तेही.