जुनी चौकट ठेवायची की काढायची?

खिडकी बदलायची म्हटलं की घरात काच कुठली, रंग कुठला, स्लायडिंग की उघडणारी, यावरच चर्चा रंगते. आधी बघायची असते ती जुनी चौकट. ती तशीच ठेवून आत नवी खिडकी बसवता येते, नाहीतर चौकट उखडून, भिंत मोकळी करून, नव्या बांधकामात लावतात तशी लावता येते.

सागवानी चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक सहज रुतलं, भुसा निघाला, तर ती काढायचीच. लोखंडी चौकट गंजली की फुगते आणि कडेचं प्लास्टर तडकवते. पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीला ओल येत असेल तरी जुन्या चौकटीचा मोह सोडा. नवी खिडकी चढवली तरी पाणी जुन्याच वाटेने आत येतं.

चौकट ठणठणीत असेल तर मात्र ठेवावी. तोडफोड नाही, टाइल्स वाचतात. फक्त उजेड थोडा कमी होतो. चौकट दोन्ही बाजूंना 60-60 मिमी असेल तर 1200 मिमीच्या खिडकीत दहावा हिस्सा तिनेच अडवलेला असतो, शिवाय नव्या फ्रेमची जाडी वेगळी.

माप घेताना रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंचीही तीन ठिकाणी मोजा. दोन्हींचा आपापला सर्वांत कमी आकडा धरून त्यातून 10 मिमी वजा करा. दोन्ही कर्णही मोजा. फरक आला तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. नवी फ्रेम तिला चिकटवून वाकडी ठोकू देऊ नका, नाहीतर स्लायडिंगचा पल्ला एका टोकाला फट सोडतो. फ्रेम गुण्यात आणि ओळंब्यात (सरळ उभी) धरून उरलेल्या फटीत पॅकिंग द्यावं.

चौकट काढणार असाल तर सगळा जीव खिडकीखालच्या दगडात ओता. ग्रॅनाइट असो वा कडप्पा, उतार बाहेरच हवा, दगड भिंतीच्या पुढे 20-25 मिमी यावा आणि पुढे आलेल्या भागाला खालून खाच मारलेली असावी. नाहीतर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे वळतं. सिलिकॉन धुळीवर किंवा ओल्या प्लास्टरवर धरत नाही, भिंत सुकू द्या. फटीत भरलेला फोम उघडा राहिला तर उन्हात त्याचा भुगा होतो. पावसाआधी भिंत सुकायला वेळ मिळावा म्हणून हे काम मे उजाडायच्या आत उरकावं.

खालच्या ट्रॅकला बाहेरून बारीक भोकं असतात, पाणी जायला. घाईत सिलिकॉन मारताना तीच बुजतात. कारागीर समोर असतानाच ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघा, मगच उरलेले पैसे द्या.